उंबरखोऱ्याचे भोपळेवाले दाजी

माझे दाजी निवृत्ती यांच्याएवढा हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. मी नाशिकला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, दाखल्यासाठी आलेल्या पालकांशी रोजची गाठ असते, तेव्हा हट्टाच्या बाबतीत माझं मत कुणीही मानायला हरकत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. बहिणीचं नाव लता, पण मी तिला आक्काच म्हणायचे. तिच्या लग्नात मी परकर-पोलक्यात होते. उखाण्यात ‘लता’ म्हणताना दाजींचा आवाज असा काही चिरकला, की अख्खा मांडव हसला आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. त्यानंतर या माणसाने बायकोचं नाव जन्मात घेतलं नाही. आधी ‘अहो ऐकलं का’, आणि मुलगा झाल्यावर ‘संतोषची आई’. माझ्यावरचा राग मात्र बारशापर्यंत टिकला.

वणीहून कळवणकडे जाताना एक रस्ता डोंगरात शिरतो. जीप जिथं सोडते तिथून चढ चढून गेलं की उंबरखोऱ्याचं धरण. तिथं दाजी चौकीदार होते. रोज सकाळी भिंतीच्या पायऱ्या उतरायच्या, रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि ऑफिसला फोन करून सांगायचं. फोनवर ते इतके ओरडायचे, की आक्का म्हणायची, तारेची काय गरज आहे, असाच आवाज जाईल वणीपर्यंत. दाजी तापाने पडले की पायऱ्या आक्का उतरायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं राहायला जायचे. आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून कैऱ्या खायचो आणि दाजी वरून ओरडायचे, पाण्यात साली टाकू नका म्हणून. आम्ही अर्थातच टाकायचो. तसे दिवस आता येणे नाहीत, आणि आले तरी ती नाही.

आक्का धरणाला ‘बाई’ म्हणायची. धरण भरलं की मोठी माणसं जलपूजनाला यायची, हार-फेटे व्हायचे, फोटो निघायचे. पण आक्काचं जलपूजन वेगळं. भरलेल्या बाईची ओटी भरायची असते, असं तिचं म्हणणं. सगळ्या गाड्या निघून गेल्या की ती गावातल्या बायकांना घेऊन पायऱ्यांवर यायची. तांदूळ, नारळ, खण, हळद-कुंकू आणि एक कोरी साडी. साडीची घडी ती मोडायची, पदर पाण्यावर पसरायची आणि सोडून द्यायची. साडी तरंगत तरंगत सांडव्याकडे जायची आणि दिसेनाशी झाली की बायका हात जोडायच्या. त्या दिवशी आक्काच्या अंगावर मात्र दरसाल एकच साडी असायची, जांभळी, मोरपंखी काठाची. संतोषच्या बारशाला आमच्या आईने दिलेली.

दाजी रिटायर झाले आणि त्यानंतर धरणात भोपळे आले. भोपळे हे दाजींचं नाव. एका संस्थेने पाण्यावर लक्ष ठेवायला काठापासून हाकेच्या अंतरावर दोन पिवळी यंत्रं तरंगत ठेवली होती, एक गावाला पाणी उचलतात त्या विहिरीजवळ आणि एक मासे पाळायच्या पिंजऱ्यांजवळ. वर वारा मोजायच्या वाट्या, सूर्याची काच आणि अँटेना. खाली पाण्यात एक नळी, तिच्यात पाण्याची ऊब, गढूळपणा आणि प्राणवायू मोजायची सोय. सगळे आकडे आपोआप मोबाईलवर यायचे. संस्थेतली हर्षाली नावाची मुलगी त्याला ‘बोया’ म्हणायची. पण आमच्याकडची सगळी पोरं कमरेला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली, तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या वस्तूला भोपळा सोडून दुसरं काय म्हणणार? महिन्याभरात हर्षालीही भोपळाच म्हणायला लागली.

भोपळ्यांची निगा राखायला संस्थेने दाजींना ठेवलं आणि काठावरची जुनी चौकीची खोली राहायला दिली. होडी घेऊन जायचं, नळीवरचं शेवाळ मऊ ब्रशने काढायचं, काचेवरची पाखरांची घाण पुसायची, दोर तपासायचा. दाजी हे काम असं करायचे, की आक्का चिडवायची, “सवत आणलीत तीही जोडीनं. माझं तोंड कधी असं पुसलं व्हतं का?” दाजी मान खाली घालून हसायचे. आणि भोपळ्याची बढाई किती! नाशिकला फोन करून मला सांगायचे, आज पाणी असं, वारा तसा, सांजच्याला पाऊस येणार. मी म्हणायचे, दाजी, माझ्या नळाला पाणी कधी येणार ते सांगतो का तुमचा भोपळा?

मागच्या पौषात आक्का गेली. ताप आला, वणीला नेलं, तिथून नाशिकला आणलं, आणि ती परत गेलीच नाही. याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

तेरावं झाल्यावर मी दाजींकडे एकच गोष्ट मागितली, ती जांभळी साडी. आईने घेतलेली, आक्काने नेसलेली. मला आणखी काही नको होतं. दाजींनी आक्काच्या पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सापडत नाय.” मी म्हटलं, मी शोधते. तर पेटीवर जाऊन बसले! म्हातारा माणूस पेटीवर बसलाय आणि म्हणतोय सापडत नाही. मला इतका राग आला, की मी चहा न घेता निघाले. पुढे कितीतरी महिने त्यांच्या फोनला मी हो-नाही एवढीच उत्तरं दिली.

संतोष सिन्नरला कंपनीत आहे. तो बापाला न्यायला दोनदा येऊन गेला. दाजी हलेनात. काम आहे म्हणाले. काम होतं हे खरं, पण काम गेलं तर खोली जाणार होती, आणि खोली गेली की पायऱ्या, काठ, आक्काची चूल, सगळंच जाणार होतं. ते धरण सोडायचं म्हणजे आक्काला दुसऱ्यांदा सोडायचं, हे मला रागातही कळत होतं.

त्यात एक घोर लागलेला. आदल्या वर्षी गणपतीत लोकांनी भोपळ्याजवळ हार आणि निर्माल्याच्या पिशव्या सोडल्या, त्या नळीत अडकल्या आणि आकडे बिघडले. संस्थेच्या साहेबांनी दाजींना बजावलं होतं, की पुन्हा पूजेचं काही अडकलं तर माणूस बदलावा लागेल. तेव्हापासून दाजी काठावर पहारेकऱ्यासारखे उभे. पुंजाराम म्हणून त्यांचा लहानपणचा दोस्त, त्याने देवाचे हार पाण्यात सोडले तर दाजींनी त्याला चारचौघांत असं झापलं, की दोघांची तंबाखू वेगळी झाली.

भादव्यात धरण भरलं आणि दाजींचा फोन आला.

“सुवर्णा, बाई भरली. ओटी कोन भरंल?”

एवढंच. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी हिरवीगार कोरी साडी घेतली, रजा टाकली, वणीपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने उंबरखोऱ्याला पोचले. कुसाबाईने गावातल्या बायका गोळा केल्या होत्या. कुसाबाई म्हणजे आक्काची जिवाची मैत्रीण, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. दाजींनी जागा आखून दिली, भोपळ्यांपासून लांब, सांडव्याच्या बाजूची. मी पदर पसरून हिरवी साडी सोडली. ती सरळ सांडव्याकडे गेली. मला रडू आलं, कुसाबाईने माझ्या पाठीवर धपका मारला आणि स्वतःच रडायला लागली. मग बायका घरी गेल्या, मी चौकीत जाऊन शिऱ्याला रवा भाजायला घेतला. दाजी बराच वेळ पायऱ्यांवरच बसून होते. येऊन मुकाट्याने शिरा खाल्ला. दिवसभर मोबाईल खिशातून काढलासुद्धा नाही, याचं मला नवल वाटलं. त्यांना म्हटलं, भोपळे रुसतील हो. ते हसले नाहीत.

मी आणखी एक दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची तयारी करत होते, तेवढ्यात सोमनाथ धावत आला. सोमनाथ आणि त्याची बायको राखी, दोघं मिळून पिंजऱ्यांत मासे वाढवतात. आदल्या उन्हाळ्यात ढगाळ दिवस आले, पाण्यातला प्राणवायू उतरला आणि त्यांचा एक पिंजरा हां हां म्हणता पांढरा पडला होता, मेलेले मासे उलटे तरंगत होते. तेव्हापासून मोबाईलवरच्या आकड्यावर सोमनाथचा देवासारखा भरवसा.

“काका, प्रानवायू पार खाली गेलाय! कालपासून उतरत व्हता, आज तर लालच झालाय. मी टेम्पो बोलावलाय. जाळी ओढतो आता.”

“मासं लहान हायेत अजून,” दाजी म्हणाले.

“येतील ते पैसं येतील. मेल्यावर तेबी नाय मिळायचे.”

“वर येऊन तोंड वासतात का?”

“नाय. पन मागल्या खेपंलाबी आधी कुठं कळलं?” सोमनाथ पळत परत गेला. राखी पिंजऱ्याच्या फळीवर उभी राहून दोर सोडत होती, ते काठावरून दिसत होतं.

दाजींनी मोबाईल पाहिला, होडी सोडली, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी पण चढून बसले. भोपळा वरून अगदी ठीक होता. वाट्या फिरत होत्या, काच स्वच्छ होती. दाजींनी हात पाण्यात घालून नळी चाचपली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी सोडवायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा वेढा. पाण्यातून आधी काळसर कापड वर आलं, मग ऊन पडलं आणि मोरपंखी काठ चमकला.

मी बघतच राहिले. आईने घेतलेली, आक्काने नेसलेली, पेटीत सापडत नसलेली साडी.

“दाजी!”

“मीच सोडली,” ते म्हणाले. “तू आत शिरा करत व्हतीस तवा. ती सोडायची तशीच सोडली, पदर पसरून. एवढ्या सालांत तिची कधी अडकली का? समदं सांडव्याकडंच जायचं. वारा फिरला आसंल. मी मोबाईल बघितलाच नाय त्या दिवशी.”

आता पुढचं. राग होता, रडू होतं, पण डोकं मात्र क्लार्कचं. काठावर टेम्पो येऊन उभा होता. कुसाबाई, पुंजाराम, गावातली माणसं जमली होती. होडी त्यांच्यापासून लांब होती आणि दाजींची पाठ काठाकडे होती. मी म्हटलं, “होडीच्या फळीखाली टाका ती. नळी साफ झाली, आकडे आपोआप वर येतील. सांगा शेवाळ होतं.”

“शेवाळ परवाच काढलं. सोमनाथनंच होडी धरली व्हती. त्याला पटंल?”

“मग काहीच सांगू नका!”

पिंजऱ्याकडून सोमनाथने हाळी दिली. जाळ्याचं एक टोक वर आलं होतं आणि आत मासे चांदीसारखे उसळत होते, तळहाताएवढेही नसतील. एकदा ते टेम्पोत गेले की दोघांचं वर्ष गेलं. आकडे वर यायला दुपार झाली असती. तोवर सोमनाथ थांबणार नव्हता, आणि का थांबावं ते दाजींशिवाय कुणाला माहीत नव्हतं. बोललं तर खोली जाणार. हे त्यांनाही कळत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

दाजी होडीत उभे राहिले. म्हातारा माणूस, होडी डुगडुगली, मी त्यांचं धोतर धरलं. त्यांनी ती ओली साडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, पाणी त्यांच्या अंगावर गळत होतं, आणि ऑफिसच्या फोनवर ओरडायचे त्या आवाजात ते ओरडले, “सोमनाथ, जाळं सोड! पानी चांगलं हाय! भोपळ्याला साडी अडकली व्हती! माझ्या घरची हाय! मी सोडली! लताची हाय, लताची!”

डोंगरावरून आवाज परत आला. काठावर कुणी हललं नाही. सोमनाथने जाळं हातातून सोडलं, ते मला दिसलं. एवढी वर्षं गिळलेलं नाव दाजींनी सगळ्या गावासमोर घेतलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आणि कुसाबाईच्या मात्र आलं. होडी काठाला लागली तेव्हा ती पदरात तोंड खुपसून उभी होती.

मला भीती होती पुंजारामची. चारचौघांत झापून घेतलेला माणूस, त्याला ही आयतीच संधी. पण तो पाण्यात उतरला, होडीची दोरी धरली आणि दाजींना हात दिला. “हळू,” म्हणाला, “पाय घसरंल.” मग खिशातून चंची काढली. दाजींनी तंबाखू घेतली.

दुपारी हर्षाली नाशिकहून आली. तिने हातातल्या यंत्राने पाणी तपासलं, प्राणवायू व्यवस्थित होता. नळी साफ केल्यावर भोपळ्याचा आकडाही जागेवर आला. ती भली मुलगी आहे. म्हणाली, “काका, मी ‘कापड अडकलं’ एवढंच कळवते. कोणाचं ते कशाला?”

“माझं म्हनून लिवा,” दाजी म्हणाले. “मी पुंजारामाला हारासाठी बोललो. माझी साडी लपवली तर उद्या त्याला तोंड काय दावू?”

सांगितलं होतं ना, हट्टी. हर्षालीने साहेबांना फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलली, हात हलवून भांडली सुद्धा. सोमनाथ आणि राखी दोघं तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आमचं पण सांगा म्हणून. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. साहेबांचं म्हणणं, नेमलेल्या माणसानेच नियम मोडला तर गावाला काय सांगायचं. दिवाळीपर्यंत राहा, मग दुसरा माणूस येईल. राखी चिडून बोलायला लागली, तर दाजींनीच तिला गप्प केलं. साहेबांचं बरोबर हाय, म्हणाले. मला तरी बरोबर वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही.

मी संतोषला फोन केला. तो म्हणाला, मावशी, मी येतो न्यायला. त्याच्या आवाजात आनंद होता, त्याला तरी का नावं ठेवू, बाप घरी येणार म्हणून पोरगं खूश होणारच.

साडी मी पिळून चौकीपुढच्या तारेवर टाकली होती. ऊन कलेपर्यंत ती वाळली. मी बॅग भरून बाहेर आले, तर दाजी तारेखाली दगडावर बसले होते. साडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

“घे. तू मागितली व्हतीस. मी खोटं बोललो.”

“तेव्हाच का नाही दिलीत?” माझा आवाज चढलाच. “आणि द्यायची नव्हती तर ठेवायची जपून. पाण्यात कशाला सोडलीत?”

दाजींनी पाण्याकडे पाहिलं. “वास व्हता तिचा. रोज सकाळी पेटी उघडायचो आन् जरा बसायचो. म्हनून तुला दिली नाय. धरण भरलं त्या दिवशी उघडली, तर नुसतं कापड. वास गेला व्हता. लय शोधला. मंग म्हनलं, ठिवून काय करू, जाऊ दे तिच्या बाईकडं.”

मी साडी नाकाला लावली. आक्का त्यात कुठेच नव्हती.

“आता कशाचा येतोय?” दाजींनी विचारलं.

“धरणाचा,” मी म्हटलं. “गाळाचा, शेवाळाचा.”

मग त्यांनी हात पुढे केला.

“मंग ऱ्हाऊ दे माझ्याकडंच,” म्हणाले. “सिन्नरला न्यायला व्हईल.”